शेजारच्या पाळण्याचें ऋण

मुलास लस टोंचावी कीं नाहीं हा आईबापांचा खाजगी प्रश्न आहे काय? हा वाद जुनाच आहे. इंग्लंडांत १८५३ सालीं तान्ह्या मुलांस देवी टोंचणें सक्तीचें झालें. पुढें १८९८ च्या कायद्यानें सदसद्विवेकबुद्धीस स्मरून विरोध करणाऱ्या पालकांस मोकळीक मिळाली. लशीनें ताप येतो, क्वचित् अधिकही त्रास होतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु विवेकाची ही सबब कोठवर पोंचते, हें पाहिलें पाहिजे.

धनुर्वात माणसापासून माणसास होत नाहीं; त्याची लस टोंचलेल्याचेंच रक्षण करते. पण तेथेंही मूल म्हणजे बापाची मालमत्ता नव्हे. गोंवराची गोष्ट तर याहून गंभीर. तो हवेवाटे पसरतो, आणि त्याची लस आपल्याकडे नऊ महिन्यांच्या आंत सामान्यतः देत नाहींत. तोंवर त्या तान्ह्याची तटबंदी म्हणजे शेजारपाजारचीं टोंचलेलीं मुलें. शंभरांपैकीं सुमारें ९५ जण सुरक्षित असले तरच ती टिकते. तेव्हां ‘आमच्या मुलास कांहीं होत नाहीं’ असें म्हणणारा बहुधा दुसऱ्यांच्या मुलांनीं सोसलेल्या सुईच्या जोरावर निर्धास्त असतो. आणि प्रसंग आल्यास त्याची किंमत शेजारच्या पाळण्यांतून वसूल होते. २०२२ सालीं मुंबईंत गोंवराच्या साथीनें मुलें दगावलीं, हें विसरतां येत नाहीं.

जन्मतांच द्यावयाच्या, मग ६, १० व १४ आठवड्यांच्या लशी आईबाप काळजीनें देववितात. पुढें पांच-सहा वर्षांची, दहाव्या व सोळाव्या वर्षाची मात्रा मात्र सहज विसरली जाते. घटसर्पाविरुद्धची शक्ति कालांतरानें क्षीण होते, म्हणूनच या मात्रा आहेत. विसर पडतो तो आळसानें नव्हे, तर भीति सरल्यामुळें. देवीचें निर्मूलन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. नैसर्गिक विषाणूनें झालेल्या पोलिओचा भारतांतील शेवटचा रोगी २०११ सालचा. रोग दिसेनासा झाला कीं भीति जाते, आणि केवळ भीतीवर उभारलेलें कर्तव्य तिच्याबरोबरच कोसळतें.

अर्थात् ऊसतोडीसाठीं गांवोगांव फिरणाऱ्या आईची तारीख हुकली, तर तो तिचा अधर्म नव्हे. तेथें ऋणको समाज आहे. त्यानें फडापर्यंत जाऊन तें फेडावें. परंतु ज्याच्या दाराशीं दवाखाना आहे, त्यानें विवेकाचें नांव घेण्यापूर्वीं शेजारच्या पाळण्याकडे एकदां पाहावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.