सांध्यातलं पाणी

आमच्या न्हाणीघरात टब आहे हे सांगताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं. ठाण्यातला हा फ्लॅट घेतला तेव्हा आधीच्या मालकांनी हौसेनं बसवलेला तो आयता मिळाला. त्यात पहुडून आमच्याकडे कुणी अंघोळ केलेली नाही. पाणी येणार नसलं की तो भरून ठेवायचा, एरवी त्यात बादल्या. शॉवर मात्र त्याच्यावरच आहे आणि रोज चालतो. टब जिथे भिंतीला टेकतो, त्या फटीतून पाणी उतरतं. ते आम्हाला दिसत नाही. दिसतं खालच्या मजल्यावरच्या आजींना. त्यांच्या छतावर आधी चहाच्या डागासारखी कड उमटली, मग पोपडे आले, मग टपटप सुरू झाली.

गळतीचं हेच विचित्र आहे. सांधा फुटतो वर आणि पातेलं ठेवावं लागतं खाली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संडास, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च ज्याच्या त्याच्या माथी टाकलेला आहे, तरी सभा याच भांडणात संपतात. कारण दुरुस्ती ज्याच्या हातात असते, त्याच्या घरी सगळं कोरडं ठणठणीत. आजी पहिल्यांदा तक्रार घेऊन वर आल्या, त्यानंतर नऊ महिन्यांनी आमच्याकडे मिस्त्री आला. मधले नऊ महिने मी ‘बघते हं आजी’ म्हणत होते.

मिस्त्री टबापाशी उकिडवा बसला. सांध्यावरून त्यानं नख फिरवलं, मग कटरचं पातं घातलं आणि ओढलं. सिलिकॉनची वीतभर पट्टी एका हिसक्यात हातात आली. खाली आणखी एक पट्टी, पिवळी पडलेली. तिच्याखाली तडकलेलं, भुगा झालेलं व्हाइट सिमेंट. आणि तळाशी काळा, ओला गाळ. त्याचा वास दारापर्यंत आला.

“ताई, हे कुणी केलं?”

“होता एक. फसवून गेला.”

त्यानं नुसती मान हलवली आणि खरवडायला लागला. खरवडता खरवडता सांगत होता. सिलिकॉनवर सिलिकॉन धरत नाही. जुनं मुळापासून काढायचं, स्पिरिटनं पुसायचं, सांधा पुरता वाळू द्यायचा. भरलेला टब वजनानं जरा दबतो आणि रिकामा झाला की वर येतो. सिमेंटला असं हलणं सोसत नाही, ते तडकणारच. म्हणून आधी टब भरायचा, फट जेवढी उघडायची तेवढी उघडू द्यायची, मग सिलिकॉन मारायचं आणि 24 तास टब तसाच भरलेला ठेवायचा. “दोन दिवस जातील, ताई. एक वाळायला, एक धरायला.”

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अगदी याच दारात उभं राहून.

अडीच वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, तो आधीचा माणूसही दोन दिवस मागत होता. आमच्याकडे गौरींना पाहुणे यायचे होते. “जुनं काढत बसू नका, वरूनच मारा, पण आजच्या आज करा,” हे मी म्हणाले. “ट्यूब तर तीनशे रुपयांत मिळते, मजुरी एवढी कसली?” हेही मीच. “टिकणार नाही बरं का,” असं तो एकदा पुटपुटला, मग त्यानं सांगितलं तसं केलं. चार महिन्यांनी कड सुटली. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘याला कुणी बोलावू नका, थातूरमातूर काम करून पैसे घेतो.’ माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर ‘गळती – नको’ या नावानं होता.

याच स्तंभात मी कारागिरांच्या कामचुकारपणावर लिहिलं होतं. पुष्कळ पत्रं आली होती, सगळी सहमतीची.

त्यानं नकार द्यायला हवा होता, असं कुणी म्हणेल. महिन्याच्या महिन्याला पगार जमा होणाऱ्यानं ते म्हणणं सोपं आहे. सणाच्या तोंडावर हातातलं काम सोडायचं, तेही आपण सोडलं तर दुसरा कुणी तासाभरात उरकून जाईल हे माहीत असताना! त्याला मी पूर्ण सोडत नाही. पण त्याच्याविरुद्ध तक्रार असलीच तर ती आजींची. माझी कशी असेल? मी मागितलं तेच मला मिळालं होतं. पांढरी चकचकीत रेघ ओढायला दहा मिनिटं लागतात, खरवडायला अख्खी दुपार. मी घासाघीस केली ती त्या दुपारीवर.

या मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना टेप लावून रेघ ओढली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती दाबत नेली. घरभर व्हिनेगरसारखा आंबूस वास पसरला. तिसऱ्या दिवशी टब रिकामा केल्यावर नहाणी ट्रॅपला कापडाचा बोळा कोंबून खाली फरशीवर चार बोटं पाणी रात्रभर साठवलं. सकाळी आजींच्या छताला हात लावून आलो. नवी ओल नव्हती.

“हा मिस्त्री चांगला मिळाला गं,” आजी म्हणाल्या. “आधीच्यानं फसवलं तुम्हाला.”

मी ‘हं’ म्हटलं.

काल रात्री फोनमधल्या नावातला ‘नको’ काढून टाकला. ग्रुपवरचं ते वाक्य वर सरकवत शोधलं. खाली सात जणांचे अंगठे आहेत. इथे हे सगळं लिहून झालं. तिथे अजून लिहिलेलं नाही.