तिला विचारलं का?

अलाबामातल्या माँटगोमेरी गावात १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स हे डॉक्टर गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग करत होते. बाळंतपणात बाळ अडून मूत्राशयाला छिद्र पडलेल्या या बायका. त्यांची लघवी सतत गळत राही. अनार्का, लूसी आणि बेट्सी, एवढी तीनच नावं उरली आहेत. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा शस्त्र चाललं, तेही भूल न देता. परवानगी मालकाची घेतली जाई. शस्त्रक्रिया अखेर साधली, असंख्य स्त्रियांना तिचा उपयोग झाला. सिम्स यांचा पुतळा उभा राहिला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातून तो हलायला २०१८ साल उजाडलं.

वैद्यकीय संशोधनात अल्पसंख्याक स्त्रियांचा सहभाग वाढावा, असं कुणी म्हटलं की मला आधी या तिघी आठवतात. शरीरानं त्या पुरेपूर हजर होत्या. बाल्टिमोरची हेन्रिएटा लॅक्सही होती. १९५१ साली, एकतिसाव्या वर्षी ती कर्करोगानं गेली. तिला न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं लागली.

१९९३ साली अमेरिकेनं कायदाच केला: सरकारी पैशावरच्या रुग्णसंशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याक हवेतच. कायदा गरजेचा होता, पण तो डोकी मोजतो. काय विचारायचं, ते ठरवत नाही.

म्हणून १९९५ साली सुरू झालेला कृष्णवर्णीय स्त्रियांचा आरोग्य-अभ्यास मला मोठा वाटतो. बोस्टन आणि हॉवर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी बायकांना इस्पितळात गाठलं नाही. ‘एसेन्स’ हे त्यांच्या आवडीचं मासिक; त्याच्या वर्गणीदारांना टपालानं प्रश्नावली धाडली. सुमारे ५९,००० जणींनी ती भरली, आणि दर दोन वर्षांनी नवी येत राहिली. केस सरळ करायची रसायनं किती वर्षं वापरलीत, हा १९९७ सालच्या प्रश्नावलीतला एक प्रश्न. त्याच प्रश्नावलीत आणखीही काही होते: दुकानात, हॉटेलात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट वागवतात का? लोक तुम्हाला घाबरल्यासारखे वागतात का?

असे प्रश्न आरोग्याच्या अभ्यासात यावेत, हे ज्यांनी तो अपमान पाहिलेलाच नाही त्यांना सुचणं कठीण. उत्तरांतून जे निघालं ते गंभीर होतं. २००७ साली पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये वर्णभेदाचा अनुभव आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध दिसला. २०२३ साली रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांमध्ये त्या रसायनांचा दीर्घ वापर आणि गर्भाशयाचा कर्करोग यांचाही. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरं; पण प्रश्नच विचारला नसता तर संबंधही दिसला नसता.

तेव्हा पुढच्या वेळी ‘संशोधनात असं आढळलं’ हे वाक्य वाचाल, तेव्हा त्यात कोणत्या बायका होत्या, हे पाहाच. आणि प्रश्न कुणी लिहिले होते, हेही.