सद्भाव पुरेसा नाही

कार्यालयातल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावायची मनाई झाली की प्रामाणिक कर्मचारी दुखावतो. माझ्या मनात पाप नाही, मग माझ्यावर संशय का, असं त्याला वाटतं. हा प्रश्न नीतीचा आहे आणि जैन विचारात त्याचा खोल विचार झाला आहे. तिथे हिंसेच्या मुळाशी द्वेषाबरोबर प्रमादही, म्हणजे बेसावधपणाही, मानला आहे. म्हणून साधूनेसुद्धा पुढची जमीन निरखूनच पाऊल टाकायचं असतं. हे बंधन त्याच्या साधुत्वावर शंका घेत नाही. जीव चांगल्या माणसाच्या पायाखालीही चिरडला जातो, हे ओळखून ते घातलेलं आहे.

पेनड्राइव्हच्या बाबतीत याचा पुरावाच आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले. निदान ४५ टक्के पेनड्राइव्हमधल्या फाइल कोणी ना कोणी उघडल्या. विचारल्यावर ज्यांनी उत्तर दिलं, त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं की तो मालकाला परत करायचा होता. म्हणजे परोपकाराच्या इच्छेतूनच धोक्याला वाट मिळाली. २००८ साली पश्चिम आशियातल्या तळावर एका लॅपटॉपला लावलेल्या पेनड्राइव्हमधून घातक प्रोग्रॅम अमेरिकी लष्कराच्या गोपनीय जाळ्यात शिरला आणि त्यांना अशा साधनांवर बंदी घालावी लागली.

मी तपासूनच वापरीन, असं कोणी म्हणेल. पण पेनड्राइव्हच्या आतला नियंत्रक प्रोग्रॅमच बदलता येतो, हे २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. असा पेनड्राइव्ह संगणकाला कीबोर्ड असल्याचं भासवून स्वतःच आज्ञा देतो. फॉरमॅट करूनही तो दोष जात नाही. डोळ्यांना जे दिसतच नाही, तिथे वैयक्तिक दक्षता अपुरी पडते आणि सर्वांना सारखा नियम लागतो. कामं अडतात, हा दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. संस्थेने तपासणीसाठी जाळ्याबाहेरचा वेगळा संगणक आणि फाइल पाठवायची सुरक्षित सोय द्यायलाच हवी. नुसती बंदी घालून लोकांना चोरवाटा शोधायला लावणं हा संस्थेचा प्रमाद ठरेल, आणि साहेबांना सूट देणं हाही. शेवटी त्या संगणकात रुग्णांची, खातेदारांची, विद्यार्थ्यांची माहिती असते. आपल्या सोयीसाठी त्यांना धोक्यात घालायचा अधिकार आपल्या प्रामाणिकपणातून मिळत नाही.