शौक आणि शोक

शौक आणि शोक या दोन शब्दांत एका मात्रेचेच अंतर आहे. उर्दूत शौक म्हणजे ओढ, आवड. ही ओढ ओसरली तर शोक करावा का? ओढ ओसरणे म्हणजे बेईमानी का? क्रिकेटच्या बाबतीत आमच्या वयाच्या पुष्कळांना हे प्रश्न पडतात.

आमची पिढी क्रिकेटवरच वाढली. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावचा झहीर खान २००० साली भारतीय संघात आला, तेव्हा लहान गावांतल्या मुलांनाही मैदान जवळचे वाटू लागले. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेतले झहीरचे २१ बळी आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. आज मात्र संघात कोण आहे, हे आम्ही वर्गातल्या मुलांना विचारतो.

कारण साधे आहे. खेळ वाढला आणि फुरसत आटली. आयपीएलच्या २००८ च्या पहिल्या हंगामात ५९ सामने ठरले होते, २०२२ मध्ये ते ७४ झाले. एका सामन्याला साडेतीन तास धरले तर २५९ तास होतात, म्हणजे जवळजवळ अकरा अहोरात्र! वह्या तपासायच्या, अब्बांची औषधे आणायची, मुलांचा अभ्यास घ्यायचा, त्यात हे तास कुठून आणायचे? ज्यांचे आपल्यावाचून अडते त्यांचा हक्क आधी. खेळाडूंचे आपल्यावाचून काहीच अडत नाही. यात बेईमानी कसली?

पण आपल्या समाजात हा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. 'काल मॅच पाहिली ना?' हा इतरांसाठी गप्पांचा विषय. सामना पाकिस्तानशी असला की आपल्याला तोच प्रश्न कधीकधी परीक्षेसारखा वाटतो. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत दहा गड्यांनी हरला आणि समाजमाध्यमांवर मोहम्मद शमीला धर्मावरून शिव्या दिल्या गेल्या. कर्णधार विराट कोहली त्याच्या पाठीशी उघडपणे उभा राहिला, हेही विसरता येत नाही. पण देशासाठी खेळणाऱ्याची ही गत, तर नुसत्या प्रेक्षकाचे काय? म्हणून आपल्यातले काहीजण ओढ संपल्यावरही टीव्हीपुढे बसतात. ते सामना पाहत नसतात, हजेरी लावत असतात.

आम्हाला वाटते, शौकाची हजेरी होऊ नये. देशावरचे प्रेम आपल्या रोजच्या कामात दिसते, मतदानाच्या रांगेत दिसते. त्याला टाळ्यांची साक्ष कशाला? कंटाळा येण्याचा हक्क इतरांना आहे तेवढाच आपल्यालाही आहे.

मात्र स्वतःला एक सवाल प्रामाणिकपणे विचारावा. खेळ आपण रुसून सोडला, की वयाने तो आपोआप सुटला? रुसून सोडला असेल तर तो शोकच, आणि तो मनात कुजत राहतो. शमी रुसला नाही. २०२३ च्या विश्वचषकात त्याने सर्वाधिक, २४ बळी घेतले. आपोआप सुटला असेल तर खंत नको. फक्त आपला शौक सरला म्हणून मुलांच्या हातातली बॅट काढून घेऊ नये. त्यांचे दिवस आता सुरू होत आहेत.