एक ना धड, भाराभर जनुके

कोंबडीचे वजन तराजूवर एका आकड्यात उतरते, म्हणून वारशातही ती एकच गोष्ट असावी असे वाटते. मेंडेलचे नियम प्राण्यांना लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यावरूनच दाखवले. तुऱ्याचा आकार पुढच्या पिढ्यांत विरघळत नाही, जसाच्या तसा परत येतो. वजन मात्र विरघळल्यासारखे वागते. लहान आणि मोठ्या जातीच्या संकरातली पिल्ले साधारण मधल्याच वजनाची निघतात. रोनाल्ड फिशर यांनी 1918 मध्ये याची उकल केली: पुष्कळ जनुकांनी थोडाथोडा भार टाकला की बेरीज अशी सलगच दिसणार. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणा ना. पैदासकारांनी या बेरजेवरच ब्रॉयलर घडवला. त्यात करामत खाद्याची, असे कुणी म्हणेल. पण कॅनडातल्या संशोधकांनी 1957, 1978 आणि 2005 च्या वाणांना एकच खाद्य घालून वाढवले, तेव्हा 56 व्या दिवशी त्यांची वजने 905, 1808 आणि 4202 ग्रॅम भरली.

बेरीज खरी, पण म्हणून प्रत्येक जनुकाचा भार कायमचा ठरलेला असतो का? ते पाहायला दोन टोकांचे पक्षी जुळवून नातवंडांपर्यंत जावे लागते, कारण आजी-आजोबांचे जनुकसंच खरे पिसले जातात ते तिथे. स्वीडनमध्ये तांबडा रानकोंबडा आणि व्हाइट लेगहॉर्न यांचा संकर केला गेला. लेगहॉर्न मांसाची नव्हे, अंड्यांची जात, तरी वजनाला रानकोंबड्याच्या दुप्पट. या तफावतीचा मोठा हिस्सा गुणसूत्रांवरच्या मोजक्या ठिकाणांशी जुळतो, असे 2003 मध्ये आढळले. पक्षी मर्यादित असले की असे परिणाम फुगून दिसतात, हा आक्षेप रास्त आहे. पण व्हर्जिनियात अनुभव उलटा आला. तिथे 1957 पासून एकाच कळपातून जड आणि हलके असे दोन वंश निवडले गेले. चाळीस पिढ्यांत आठ आठवड्यांच्या पक्ष्यांच्या वजनात सुमारे नऊपट अंतर पडले. या दोन वंशांच्या संकरात एकेक ठिकाण मोजले तर किरकोळ निघाले, आणि 2006 च्या विश्लेषणात चार ठिकाणे एकत्र धरल्यावर भारी ठरली. म्हणजे जनुकाचा भार त्याच्या सोबत्यांवर ठरतो. निवडीला सरासरी पुरते, हे पैदासकाराचे म्हणणे मान्य. सरासरीत ही सोबत दिसत नाही, एवढेच. तुऱ्यांनी ती कधीच दाखवली होती: गुलाबासारखा आणि वाटाण्यासारखा अशा दोन तुऱ्यांच्या संकरातून अक्रोडासारखा तिसराच तुरा निघाला, आणि नातवंडांत साधा एकेरीही उगवला. तुऱ्यासाठी जे मानले, ते वजनासाठी मानायला शंभर वर्षे लागली.

या हिशेबात ‘रानटी’ हे टोकही एकजिनसी नाही. पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडाच, असे डार्विन मानत. 2008 मध्ये दिसले की पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले आहे. तो आजही सह्याद्रीच्या रानात आरवतो.