शेवटचं ताट

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळाजवळच्या एका गल्लीत मोठं एकत्र कुटुंब राहत होतं. पुरुष बाराला जेवायचे, मग पोरं, आणि बायकांची पंगत तीनला. तोवर त्यांच्या पोटात गोड चहा आणि त्यात बुडवलेले टोस्ट. तीन वाजता पोळ्या भरपूर उरलेल्या असत, वरण पातळ केलेलं असे आणि भाजी कढईच्या काठाला.

घरातल्या एकोणीस वर्षांच्या लेकीची पाळी चार महिने आली नाही. हनुवटीवर केस दिसू लागले, मानेच्या घडीत काळपट पट्टा उमटला. आईनं तो उटण्यानं घासून पाहिला, पण मळ असेल तर निघेल ना! वजनही वाढत होतं. आजीनं निकाल दिला, "पोरगी लय खाते." पोरीचं रात्रीचं जेवण बंद झालं. त्यात श्रावण लागला. गांधीग्रामहून राजराजेश्वरासाठी पूर्णेचं पाणी आणायला काका कावडीसोबत जाणार, तर घरच्या बायकांना सोमवारचे उपास. उपास म्हणजे दिवसभर चहा आणि संध्याकाळी ताटभर साबुदाणा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, पण पुण्याच्या हिशोबात ते कोण धरतो? पोरगी चिडचिडी झाली. वजनाचा काटा होता तिथंच.

शेवटी आई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. निदान झालं पीसीओएस. मग त्यांनी भलतंच विचारलं, "घरात कोण कधी जेवतं?"

आईनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "हा त्रास नुसत्या खाण्यानं होत नाही, घराण्यातूनही येतो. पण हिच्या शरीरात इन्शुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. मानेचा काळेपणा त्याचीच खूण. जास्तीच्या इन्शुलिनमुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात, बीज पिकत नाही, पाळी चुकते. दिवसभर उपाशी राहून एकदम पोळ्या नाही तर साबुदाणा खाल्ला, की साखर उसळते आणि इन्शुलिन आणखी वाढतं. हिला उपाशी ठेवू नका. वेळेवर जेवू द्या, डाळ-भाजी पोटभर द्या आणि रोज चालवा."

बोलता बोलता त्यांनी आईची पापणी खाली ओढून पाहिली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ निघालं.

"लोहाच्या गोळ्या घेत नाही?"

"घेतो ना जी, रोज. चहासंग."

चहा त्या लोहाला आतड्यात नीट शोषू देत नाही. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, असं बाईंनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्यांतल्या कितीजणी गोळीवर चहा पितात, हे त्या पाहणीत नाही.

घरी आजी उसळली, "आमाले नाई झालं काई असं! आमी पहाटे शिळी भाकर आन् जवसाची चटणी खाऊन वावरात जात होतो."

"आन् दुपारी?" सुनेनं विचारलं.

"दुपारी सासरा, दीर जेवले का मंग... राहिलं तं." आजी थांबली. "विहिरीवर मले दोनदा चक्कर आली होती. बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावला होता सासूनं."

दुसऱ्या दिवशी आजीनं फर्मान काढलं. भाकरी आधी थापून फडक्यात गुंडाळायच्या, तुरीचं वरण घट्टच ठेवायचं आणि सगळी ताटं बारालाच. सकाळी बायकांना चहाआधी भाकर-दही. काका कुरकुरले, "तव्यावरची गरम नाई भेटत आता."

"मंग तव्यापाशी उभा राय."

लेक संध्याकाळी असदगड किल्ल्यापर्यंत चालत जाऊ लागली. तिसऱ्या महिन्यात पाळी आली, पुढच्या महिन्यात चुकली, मग पुन्हा आली. बाई म्हणाल्या, लागेल वेळ, सोडू नका. आईचं हिमोग्लोबिन दहापर्यंत चढलं.

काका अजून कुरकुरतात. पण परवा दुसऱ्यांदा भाजी घेताना पळी हातात धरून त्यांनी विचारलं, "तुमाले उरली काय?"

"उरायचं काय त्यात," आजी म्हणाली, "आमी पयलेच वाढून घेतली."