पाहण्यालाही हात असतात

स्वस्थ बसा. एखाद्या संगणकाच्या मागे खोचलेली नेटवर्कची केबल मनात आणा आणि तिच्या टोकाशी लुकलुकणारा छोटा हिरवा दिवाही. केबल संपते आणि लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे तिचे कर्नेल, सुरू होते, या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत आज आपल्याला मन रमवायचे आहे. या पट्टीवर राहणाऱ्या प्रोग्रॅमला नेटवर्क ड्रायव्हर म्हणतात. तो बिघडला तर बिघाड पाहायचा कसा, एवढा एकच प्रश्न हातात धरू. प्रोग्रॅमिंग येत नसले तरी अडणार नाही. घाई मात्र करू नका.

एक श्वास घ्या आणि सोडा. साधारण चार सेकंद गेले. एक गिगाबिटची केबल लहानात लहान पॅकेट्सनी, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यांनी, तुडुंब वाहत असेल, तर तेवढ्या वेळात तिच्यातून सुमारे ५९ लाख पॅकेट्स येऊन जातात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७२ नॅनोसेकंद येतात. या जगातले काहीही घडताना कोणाला दिसत नाही. जे कळते ते साधनांच्या मार्फत, आणि घडून गेल्यावर.

आता त्या ५९ लाखांतले एकच पॅकेट निवडा आणि त्याच्याबरोबर चाला.

ते तारेवरून संगणकाच्या नेटवर्क कार्डात शिरले. कार्डाने त्याच्या शेवटी असलेली चार बाइटची पडताळणी-संख्या तपासली, ती जुळली. आता ते ठेवायचे कुठे? कार्ड प्रोसेसरला विचारत बसत नाही. ड्रायव्हरने मुख्य मेमरीत आधीच रिकाम्या जागा मांडलेल्या असतात आणि त्यांचे पत्ते एका गोल यादीत लिहून दिलेले असतात. विहिरीवरच्या रहाटासारखी ही यादी फिरत राहते. रिकामी गाडगी खाली जातात, भरून वर येतात, ओतली की पुन्हा खाली. इंटेलच्या गिगाबिट कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये अशी २५६ गाडगी ठेवण्याचा रिवाज आहे. प्रत्येक गाडग्याच्या नोंदीत एक बिट असतो. कार्डाने गाडगे भरले की ते हा बिट १ करते. तोवर गाडगे कार्डाचे, त्यानंतर ड्रायव्हरचे.

या एका बिटापाशी जरा वेळ बसा. दोघे जण एकाच जागेत काम करत आहेत, त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, आणि दोघांमधला सगळा विश्वास या एका खुणेवर उभा आहे. ड्रायव्हरने आधी बिट वाचायचा आणि तो १ असला तरच पॅकेटची लांबी वाचायची. सांगायला सोपे आहे. पण आजचे प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढचे वाचन आधीच उरकून घेतात. मग लांबी वाचली जाते जुनी आणि बिट वाचला जातो नवा. ड्रायव्हर चुकीची लांबी खरी धरून पुढे जातो. असे होऊ नये म्हणून दोन वाचनांच्या मध्ये मेमरी बॅरियर नावाचा अडसर घालतात. इंटेलचे प्रोसेसर वाचनांचा क्रम सहसा पाळतात, त्यामुळे अडसर विसरलेला ड्रायव्हर तिथे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो. तोच एआरएम किंवा पॉवरपीसीच्या यंत्रावर नेला की कोट्यवधी पॅकेट्समधून एखाद्या वेळी घसरतो. या धंद्यातली सर्वांत कठीण तक्रार हीच: बिघडते, पण कधीतरी.

कधीतरी बिघडणारी गोष्ट पाहायची तर तिच्यावर लक्ष ठेवून बसावे लागते. लक्ष ठेवले की काय होते, ते आता पाहू.

पॅकेट आले हे कार्ड इंटरप्ट पाठवून कळवते. हातातले काम टाकून प्रोसेसर ड्रायव्हरकडे वळतो आणि ड्रायव्हर कार्डाचे एक रजिस्टर, म्हणजे कार्डातली नोंदीची छोटी जागा, वाचतो, बोलावण्याचे कारण काय म्हणून. इंटेलच्या या कार्डांमध्ये ते रजिस्टर वाचताक्षणी कोरे होते. किती पॅकेट्स आली, किती खराब निघाली, हे मोजणारी रजिस्टर्सही वाचली की शून्यावर येतात, म्हणून ड्रायव्हरला प्रत्येक वाचन स्वतःच्या बेरजेत मिळवून ठेवावे लागते. समजा, बिघाड शोधणाऱ्या कोणी ड्रायव्हरच्या एक पाऊल आधी ते कारणाचे रजिस्टर निव्वळ बघायचे म्हणून वाचले. त्याला उत्तर मिळाले. पाठोपाठ आलेल्या ड्रायव्हरला तिथे काहीच सापडले नाही. आपल्याला कोणी बोलावलेच नव्हते असे समजून तो परत गेला, आणि पॅकेट गाडग्यात पडून राहिले.

याच्या उलटही घडते. प्रोसेसरने कार्डाला लिहिलेला आदेश पीसीआयच्या, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या, वाटेवर मध्येच थोडा रेंगाळू शकतो. त्या कार्डाकडून काही वाचायला गेले की मागे रेंगाळलेले सगळे आधी पोहोचते, असा त्या वाटेचा नियम आहे. आता कोणाला शंका येते. तो एक रजिस्टर वाचून त्यातली किंमत छापणारी ओळ घालतो. बिघाड नाहीसा होतो. ओळ काढतो, बिघाड हजर. शिवाय कर्नेलमधून संदेश छापणारे प्रिंटके हे फंक्शनही फुकट चालत नाही. संदेश सिरियल केबलवरून जात असेल तर एकेका ओळीला काही मिलिसेकंद लागतात, आणि आपल्या भरून वाहणाऱ्या केबलवर एका मिलिसेकंदात जवळपास दीड हजार पॅकेट्स येऊन गेलेली असतात. ज्या दोन घटनांची शर्यत पकडायची होती, त्या शर्यतीचा निकाल छापण्यानेच बदलून टाकलेला असतो.

इथे थोडे थांबा. या पट्टीत पाहणे हेसुद्धा एक करणे आहे. आपण बाहेर उभे राहून आत डोकावत नाही, डोकावलो की आत असतो. हे नुसते समजून पुढे जाऊ नका. आपल्या रोजच्या पाहण्याला, म्हणजे दुसऱ्याच्या कामाकडे, दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाहण्याला ते लागू पडते का, हे ज्याने त्याने आपापल्यापुरते तपासावे. मी ड्रायव्हरपाशीच थांबतो, कारण तिथे हे मोजून दाखवता येते.

नीट पाहणारी माणसे या क्षेत्रात होऊन गेली, आजही आहेत. एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसंचातल्या नेटवर्क भागाची कागदपत्रे खुली नव्हती. कार्ल-डॅनिएल हाइलफिंगर आणि अँड्र्यू द क्विन्सी यांनी कंपनीच्या बंद ड्रायव्हरचे वागणे अभ्यासून, चिप कशाला काय उत्तर देते याचा दस्तऐवज लिहिला. तो दस्तऐवज तेवढा समोर ठेवून मानफ्रेड श्प्राउल यांनी नवा ड्रायव्हर लिहिला. त्याचे नाव फोर्सडेथ, काळ २००३ च्या आसपासचा. पाहणारे वेगळे आणि लिहिणारा वेगळा, ही विभागणी कायद्याच्या गरजेतून आलेली होती. मला त्यात आणखी एक गुण दिसतो. पाहणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा कोड शिरलेला नसला की तो समोरच्याला आपल्या सोयीने वाचत नाही.

केव्हा पाहायचे आणि किती, हाही विचार हवा. प्रत्येक पॅकेटसाठी इंटरप्ट घेत बसले तर गर्दीच्या वेळी प्रोसेसर फक्त हाकांना ओ देत राहतो आणि खरे काम शून्यावर येते. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये या अवस्थेचे नेमके वर्णन करून तिच्यावर उपाय सुचवले. २००१ मध्ये जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेई कुझनेत्सोव यांनी लिनक्ससाठी नापी नावाची रीत मांडली. पहिल्या हाकेला उठायचे, पुढच्या हाका बंद करायच्या, आणि मग आपल्या सवडीने गाडगी तपासायची, सहसा एका वेळी ६४ पॅकेट्सपर्यंत. गाडगी संपली की हाका पुन्हा सुरू. पण नेमक्या त्या सांध्यात, शेवटचे गाडगे रिकामे दिसणे आणि हाका सुरू होणे यांच्या मधल्या फटीत, एखादे पॅकेट येऊन बसू शकते. काही कार्डे अशा पॅकेटसाठी नंतर हाक देत नाहीत. तिथे ड्रायव्हरला हाका सुरू केल्यावर आणखी एकदा बघावे लागते. ते एक बघणे राहिले तर नेटवर्क अधूनमधून कारण नसताना थबकते, आणि दुसरे पॅकेट आले की आपोआप सुटते.

आता एका खऱ्या घटनेजवळ जाऊ. तिच्यापाशी जास्त वेळ लागेल.

सप्टेंबर २००८. लिनक्स २.६.२७ ची चाचणी-आवृत्ती वापरणाऱ्यांपैकी काहींचे इंटेलचे नेटवर्क कार्ड मरू लागले. बिघाड नेहमीसारखा नव्हता. यंत्र बंद करून सुरू केले, जुने कर्नेल घातले, तरी कार्ड उठेना. कार्डाची ओळख, त्याचा पत्ता, त्याच्या मांडणीच्या किमती ज्या टिकाऊ मेमरीत असतात, तीच खराब होत होती. त्या मेमरीतल्या पहिल्या ६४ शब्दांची बेरीज १६ बिटांत ४७८०२ यावी लागते. ती येत नव्हती, म्हणून ई१०००ई हा ड्रायव्हर पडताळणी चुकल्याचे सांगून कार्ड चालवायला नकार देत होता. लिनक्सच्या अनेक वितरणांच्या चाचणी-आवृत्त्या तेव्हा लोकांच्या हातात होत्या. त्यांना इशारे द्यावे लागले, उबुंटूने तर तो ड्रायव्हरच काही काळ बंद ठेवला.

तुम्ही त्या जागी असता तर पहिला संशय कोणावर घेतला असता? मनातले उत्तर लपवू नका. कार्ड मेले, कार्ड चालवणारा ड्रायव्हर हा, तेव्हा गुन्हेगार हाच. जगभर तो ड्रायव्हर ओळीनओळ तपासला गेला.

एरवी अशा वेळी गिट बायसेक्ट उपयोगी पडते. दोन आवृत्त्यांच्या मधल्या बदलांचा मध्य घ्यायचा, चालवून बघायचे, अर्धे बदल बाजूला टाकायचे. दहा हजारांवर बदल असले तरी चौदा पायऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. पण इथे बिघाड दिसणे म्हणजे एक कार्ड मरणे. शोधाची प्रत्येक पायरी हार्डवेअर पणाला लावून चढायची होती. लोकांनी ती जोखीम घेतली, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

माग निघाला तो ड्रायव्हरच्या बाहेर. त्याच आवृत्तीत एफट्रेस ही सोय कर्नेलमध्ये नव्याने आली होती. कर्नेलच्या आत कोणते फंक्शन केव्हा चालते हे पाहण्याचे ते साधन. ते असे चाले. प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी कंपायलर एक छोटे बोलावणे घालून ठेवी. फंक्शन पहिल्यांदा चालले की त्या बोलावण्याचा पत्ता टिपला जाई. मग दर सेकंदाला जागा होणारा एक कामकरी टिपलेल्या पत्त्यांवर जाऊन, तिथली बोलावणी काढून निष्क्रिय सूचना बसवी, म्हणजे पाहणे बंद असताना कर्नेल मंद होऊ नये.

आता सावकाश चला. ड्रायव्हर मॉड्यूलच्या सुरुवातीला एकदाच लागणारा कोड काम झाले की मेमरीतून काढला जातो. पत्ता टिपलेला राहिला, कोड गेला. ३२ बिटांच्या यंत्रांत ती मोकळी झालेली जागा पुढे दुसऱ्या कशालाही मिळे, आणि कधी कधी त्याच पत्त्यावर ई१०००ई आपल्या कार्डाची टिकाऊ मेमरी जोडून घेई. कामकरी जागा झाला, जुन्या पत्त्यावर गेला. त्याने सावधपणा सोडला नव्हता. अपेक्षित सूचना तिथे असेल तरच बदलायची, अशी एकाच दमात तुलना आणि बदल करणारी आज्ञा त्याने वापरली. तुलना जुळली नाही. पण त्या आज्ञेची घडण अशी की तुलना जुळो वा न जुळो, प्रोसेसर त्या जागी लिहितोच. जुळली नाही तर जे होते तेच परत लिहितो. साध्या मेमरीत याने काहीच फरक पडत नाही. इथे पलीकडे कार्डाची टिकाऊ मेमरी होती, आणि तिच्यासाठी ते लिहिणे खरे लिहिणे होते.

यातले कोणतेही एक पाऊल वेगळे काढून हातात घ्या. टिपणे योग्य होते. वापरलेला कोड काढून जागा मोकळी करणे योग्य होते. मोकळी जागा दुसऱ्याला देणे, आधी तुलना करणे, हेही योग्यच. मग कार्ड कोणी मारले? निवाडा देण्याची घाई आवरा आणि या प्रश्नाबरोबर थोडे बसून राहा. मला तो आजही सोडत नाही.

एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेट यांनी ही सगळी साखळी कडीकडीने उलगडून उघडपणे मांडली. २.६.२७ हे ९ ऑक्टोबर २००८ ला बाहेर पडले आणि काही दिवसांतच आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा हा सूचना बदलणारा भाग बंद करण्यात आला. इंटेलच्या लोकांनीही हा दोष आपल्या ड्रायव्हरचा नव्हता म्हणून हात झटकले नाहीत. कार्डाच्या टिकाऊ मेमरीला लिहिण्यापासून कुलूप लावणारा बदल त्यांनी ई१०००ई मध्ये घातला, म्हणजे यापुढे कोणाचाही चुकलेला हात तिथवर पोहोचणार नाही. ज्यांनी त्या मेमरीतला मजकूर आधी उतरवून ठेवला होता त्यांना तो परत लिहून कार्ड उठवण्याची आशा होती. बाकीच्यांची वाट अधिक अवघड होती.

एफट्रेस टाकून दिले गेले नाही. पुढच्या, २.६.२८ च्या सुमारास त्याची घडण बदलली. पत्त्यांची यादी कर्नेल बांधतानाच तयार होऊ लागली आणि चालत्या यंत्रात पत्ते टिपत फिरणारा तो कामकरी गेला. एखादी जागा बदलायची तर आधी ती फक्त वाचायची, वाचता येते का तेही बघायचे, अपेक्षित सूचना तिथे असल्याची खात्री करायची, आणि मग लिहायचे, असा क्रम ठरला. कोणते फंक्शन कोणाला बोलावते आहे हे नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पाहायचे झाले, तर कर्नेलवर काम करणारे अनेक जण आज सर्वांत आधी एफट्रेसच चालू करतात.